बोगद्यापलीकडचं पाणी

"कुलूप तुमी काढता का मी दगडानं फोडू?"

ट्रॉलीच्या शेडसमोर रुख्मानं पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याकडे पाहिलं. बकाराम किल्ली हातात घेऊन उभा होता, पण किल्ली काही कुलपात जात नव्हती. त्याच्या मागं रेल्वेचाळीतली नऊ पोरं उभी होती. तेल चोपडलेली, भांग पाडलेली, तोंडं घासूनपुसून लाल केलेली. पोळ्याच्या दिवशीही ही पोरं इतकी स्वच्छ दिसत नसत.

"साहेबाले समजलं तं नोकरी जाईल, रुख्मा."

"साहेब गेला नागपुराले, लग्नात. मंगळवारी येईल. त्याले का सपान पडते?"

"अन् टेसनमास्तर?"

"मास्तर जेवून झोपला. त्याचं घोरणं इथपर्यंत येऊन राहिलं. आता काढता का कुलूप?"

बकाराम ट्रॉलीमन होता. गोंदियाहून पूर्वेकडे जिथं जंगल सुरू होतं, तिथल्या एका लहानशा स्टेशनावर त्याची एकोणीस वर्षं गेली होती. ट्रॉली म्हणजे चार चाकांवरची लाकडी बैठक. तिच्यावर खुर्ची, खुर्चीवर छत्री आणि छत्रीखाली लाईन तपासणारा साहेब. मागून चार माणसांनी ढकलायची. ढकलायची म्हणजे अनवाणी पायांनी रुळावरून पळायचं, आणि तोल गेला तर आपल्या कर्मानं गेला. समोरून किंवा मागून गाडी आली की चौघांनी चार कोपरे धरायचे, ट्रॉली उचलून बाजूला ठेवायची, गाडी गेली की पुन्हा रुळावर. झाली नोकरी. यात सांगण्यासारखं काय आहे?

पण बकारामची आणखी एक ख्याती होती. नवा साहेब बदलून आला की आठ दिवसांत त्याची बाई व्हरांड्यातून हाक मारायची, "बकाराम, बच्चों का दिल नहीं लगता यहाँ. कुछ देखने लायक है?" आणि बकारामच्या डोक्यात सगळं तयार असायचं. कोणत्या तळ्यात आता कमळं आलीत, दिवाळीनंतर कोणत्या गावच्या मंडईच्या जत्रेत रहाटपाळणा लागतो, नवेगावच्या बांधावर परदेशी पाखरं कधी उतरतात, कोणत्या टेकडीवरची सीताफळं आधी पिकतात. आणि पावसाळा सरता सरता बोगद्यापलीकडचा धबधबा. साहेबाची पोरं ट्रॉलीवर बसून जायची, भिजून यायची, आणि बाई खूष होऊन म्हणायची, "बकाराम को सब मालूम है."

त्याला सगळं ठाऊक होतं हे खरंच. त्याच्या पोरांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लोकाच्या घरी दिवाळी आणि आपल्या घरी अंधार, असला हा प्रकार.

आत्ताच्या साहेबाच्या मुलीनं बकारामच्या प्रेमिलाला सांगितलं होतं की त्या धबधब्यात वरून दूध पडतं, खरोखरचं दूध, आणि खाली त्याचा धूर होतो. प्रेमिला आठ वर्षांची. तेव्हापासून तिनं बापाला सुखानं जेवू दिलं नव्हतं. "बाबा, तुमी पाह्यलं ना? कसं पडते? किती मोठं आहे?" बकाराम अकरा वेळा तिथं गेला होता. अकराही वेळा जेवणाचा डबा धरून उभा राहिला होता, साहेबाचं पोरगं खडकावरून घसरू नये म्हणून पोराच्या पायांकडे बघत. पाणी कसं पडतं ते त्याला सांगता येईना. "मोठं आहे," एवढंच म्हणायचा.

चालत न्यावं म्हटलं तर सहा मैल; रुळानं जावं तर मधे बोगदा, पायवाटेनं जावं तर जंगल आणि पावसाळ्यात नाला छातीभर. पॅसेंजर तिथं थांबत नाही. नाला उतरेपर्यंत धबधब्याला पाणी उरत नाही. मग रुख्मा तरी दुसरं काय म्हणणार?

किल्ली फिरली.

उदाराम, दुधराम आणि श्यामलाल हे बाकीचे तिघे ट्रॉलीमन भिंतीआडून पुढं आले. त्यांचीही पोरं त्या रांगेत होतीच. चौघांनी ट्रॉली रुळावर ठेवली. रुख्मा धाकट्या मन्याला घेऊन फळीवर बसली. खुर्चीवर बस म्हटलं तर नको म्हणाली. "साहेबाची जागा. मले तिथं बसवून तुमी का हसाल?" मग प्रेमिलाला खुर्चीवर बसवलं. बाकीची पोरं जागा मिळेल तिथं कोंबली.

"बकाराम," उदारामनं हळूच विचारलं, "चिठ्ठी?"

लाईनवर निघायच्या आधी मास्तरची चिठ्ठी घ्यायची असते. कोणती गाडी कधी येणार ते तिच्यात लिहिलेलं असतं. बकारामनं मान हलवली. "चिठ्ठी कायले? पॅसेंजर गेली अकराले. आता मालगाडी अडीचले. एकोणीस वर्ष झाले, मले तोंडपाठ नाई का?"

तोंडपाठ होतं, त्यात खोटं काही नाही. पण इथंच माशी शिंकली. जी गाडी वेळापत्रकात नसते, तिची खबर फक्त चिठ्ठीत असते, आणि चिठ्ठी बकारामनं कधी स्वतः वाचली नव्हती. साहेब वाचायचा आणि "चलो" म्हणायचा.

निघाले. ट्रॉलीनं वेग घेतला तशी पोरं ओरडायला लागली. रुळाच्या दोन्ही अंगांना धान निसवलं होतं, पाणी तुंबलेल्या बांध्यांत बगळे उभे होते, आणि प्रत्येक बगळ्यासाठी नऊ पोरं वेगळी ओरडत होती.

"आज साहेब ढकलून राहिलो का धानाचे पोते, गा?" उदाराम धापा टाकत म्हणाला.

"पोते बोंबलत नाई ना, बाप्पा," श्यामलाल म्हणाला.

बकाराम मागून पळत होता. समोर खुर्चीवर प्रेमिलाची पाठ आणि तिच्या वेणीची तांबडी फीत दिसत होती. त्या खुर्चीत त्यानं आजवर किती पाठी पाहिल्या असतील! पण आज त्याला दम लागत नव्हता. आज त्याला फार बरं वाटत होतं.

जंगल आलं. मग बोगदा आला.

आत शिरताना ट्रॉली हळू केली. अंधार, भिंतींतून ठिबकणारं पाणी, कोळशाच्या धुराचा जुना वास. दूरवर पलीकडच्या तोंडाचा उजेड, थाळीएवढा. मधे मधे भिंतीत कोनाडे होते. गाडी आली तर माणसानं अंग चोरून उभं राहायचं, त्यासाठी.

श्यामलालच्या पोरानं "कूऽऽ" केलं. बोगद्यानं त्याला "कूऽऽ" करून परत दिलं. झालं! नऊच्या नऊ पोरं कूक करायला लागली. मन्यासुद्धा. त्या गजरात रुख्मा हसत होती, दुधराम हसत होता, आणि बकारामनंही तोंडाला हात लावून एक आरोळी ठोकली.

आणि तेवढ्यात त्याच्या तळपायाला मुंग्या आल्यासारखं झालं.

तो थांबला. उजवा पाय रुळावर घट्ट दाबला. रूळ थरथरत होता. फार बारीक.

"चूप!"

पोरांना तो खेळच वाटला. "चूऽऽप!" बोगदा म्हणाला, आणि पोरं आणखी खिदळली.

"चूप बसा म्हणतो ना, साले हो!"

बकाराम असा कधी बोलत नसे. सगळी गप्प झाली. भिंतीतलं पाणी टपटपत होतं. आणि मागून, ते आले त्या बाजूनं, भाताचं आधण यावं तसा आवाज येत होता.

"गाडी," उदाराम म्हणाला. "अगा बकाराम, गाडी आहे! कोणती आहे हे?"

कोणती का असेना. एका क्षणात बकारामला सगळं कळलं. ट्रॉली उचलायची तर चौघं हवेत. पण चौघं ट्रॉलीला लागले तर अंधारात नऊ पोरं कोण धरणार? आणि ट्रॉली रुळावर सोडली तर इंजिन तिच्यावर चढेल, गाडी पडेल, बोगद्यात पडेल, पोरांच्या अंगावर पडेल.

"पोरं उतरवा! दुधराम, श्यामलाल, कोनाड्यात घाला. अंगानं दाबून धरा, एकाले बाहेर येऊ देऊ नका! उदाराम, तू माह्यासंगं!"

पोरं आता रडायला लागली होती. कोणाचं कोणतं ते न बघता दोघांनी त्यांना ओढून कोनाड्यांत कोंबलं. बकाराम आणि उदारामनं रिकामी ट्रॉली ढकलायला सुरुवात केली. पलीकडचं तोंड ऐंशी पावलांवर असेल. तिथं एका अंगाला खोल दरी होती. बोगद्याबाहेर काढून दरीत लोटायची, दुसरा मार्ग नव्हता.

मागं शिटी वाजली. बोगदा शिटीनं भरून गेला. बकाराम पळत होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की आपण मुलांना इथं आणलं. आपण. दुसऱ्या कोणी नाही.

उजेडात आले. ट्रॉलीचे दोन कोपरे धरले, जोर लावला. मागची चाकं उचलली, पुढची हालेनात. दोघांनी पुन्हा जोर लावला. नाही.

"नाई होत, बकाराम. सोड! पळ!"

तेवढ्यात तिसऱ्या कोपऱ्याला हात पडला. रुख्मा होती. लुगडं गुडघ्यावर, केस सुटलेले.

"तू काऊन आली? मन्या कोठी आहे?"

"प्रेमिलाजवळ. उचला!"

जन्मभर डोक्यावरून धानाचे भारे वाहिलेली बाई ती. तिनं खालून खांदा दिला. ट्रॉली कलंडली, खुर्ची आधी गेली, मग छत्री, मग सगळीच दगडांवर आपटत झाडांत गेली. तिघं उतारावर पालथे पडले. डोक्यावरून इंजिन गेलं, मागं नुसते रिकामे डबे, एकामागून एक, सरता सरेनात. रुख्मा जमिनीत तोंड खुपसून पोरांची नावं घेत होती. फक्त आपल्या दोघांची नव्हे, नऊही जणांची.

गाडी गेली. बोगद्याच्या तोंडातून काळा धूर येत होता. त्यात तिघं शिरले.

"प्रेमिला! ए प्रेमिला!"

आतून खोकला आला. एक, दोन, चार. कोनाड्यात प्रेमिला मन्याला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती, आणि दुधराम दोघांवर पाठ लावून उभा होता. बकारामनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊ. सगळी कोळशासारखी काळी. मग तो तिथंच रुळावर बसला आणि मोठ्यानं रडला. त्याला रडताना त्याच्या पोरांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, अजून येईल का गाडी?" मन्यानं विचारलं. त्याला गंमत वाटली होती.

पोरांना मोकळी हवा मिळावी म्हणून जवळच्या, पलीकडच्या तोंडाशी आणलं. सगळी दगडावर बसून खोकत होती. प्रेमिला एकदम उभी राहिली, कान दिला.

"बाबा, आवाज येऊन राहिला. पाण्याचा आहे ना?"

होता. वळणापलीकडेच होता. मैलभरही नसेल. बकारामनं रुख्माकडे पाहिलं. रुख्मा मान खाली घालून पदरानं पोरांची तोंडं पुसत होती.

"चाल घरी, बाई," तो प्रेमिलाला म्हणाला.

परतीला पाच मैल रुळाच्या कडेनं चालले, लहानग्यांना खांद्यावर घेऊन. चाळीजवळ आल्यावर बकारामनं बाकीच्या तिघा ट्रॉलीमनांना थांबवलं. "तुमी नव्हते. मी एकटाच होतो. समजलं?"

"असं कसं, गा?" उदाराम म्हणाला.

"चौघाची गेली तं चार चुली इझतील. एकाची जाऊ दे. चिठ्ठी नको म्हणणारा मीच होतो ना?"

मंगळवारी साहेब आला. त्यानं विचारायच्या आधी बकाराम व्हरांड्यापुढं जाऊन उभा राहिला आणि सांगून मोकळा झाला. साहेबाची बाई दारात आली होती, ती आत निघून गेली.

चौकशी गोंदियाला झाली. टेबलामागच्या मोठ्या साहेबानं कागद वर-खाली केले.

"अकेले ट्रॉली उठाई?"

"हो, साहेब."

"चार आदमी का काम है. अकेले से उठती है?"

"उचलल्या जाते, साहेब. जिवावर आलं म्हणजे उचलल्या जाते."

दाराशी साक्षीला आलेला उदाराम जमिनीकडे बघत होता.

"ले किसलिए गए थे?"

"पोरायले पाणी दाखवाले."

मोठा साहेब लिहिता लिहिता थांबला. कोण जाणे, त्याचीही पोरं कधी त्या खडकांवर खेळली असतील. "देखा बच्चों ने?" त्यानं विचारलं.

"नाई, साहेब," बकाराम म्हणाला.

नोकरी गेली. फागुन संपायच्या आत क्वार्टर रिकामं करा, असा कागद आला. अर्जुनीजवळ रुख्माच्या माहेरी जायचं ठरलं. तिथं भावाची धानाची शेती होती, कामाला हात हवेच होते. सामान बांधून झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बकाराम पोरांना म्हणाला, "चला."

या वेळी चालत गेले. नाला कोरडा होता, मन्यासुद्धा उड्या मारत पार झाला. पळस फुलले होते. बोगदा टाळून टेकडीवरची पायवाट धरली, दुपार चढेपर्यंत पोहोचले. रुख्मानं खडकावर भाताची शिदोरी सोडली.

समोर काळा कडा उभा होता. त्याच्यावरून पाण्याची एक धार उतरत होती, करंगळीएवढी. मधेच ती कातळाला चिकटून दिसेनाशी व्हायची आणि खाली पुन्हा निघायची. खाली गुडघाभर डबकं होतं, त्यात पळसाची फुलं पडली होती.

"हेच का, बाबा?"

"हेच." बकाराम म्हणाला. "फागुन आहे ना, बाई. पावसात मोठं रायते."

प्रेमिला बराच वेळ वर बघत राहिली. मग ती डबक्यातून पुढं गेली, कड्याशी उभी राहिली आणि दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली. ओंजळ भरायला वेळ लागला. भरली तशी तिनं ती तोंडावर मारली आणि बापाकडे वळून मोठ्यानं ओरडली, "केवढं पाणी आहे, बाबा! केवढं पाणी आहे!"