मातीआधीची कबुली

आपल्याकडं एखाद्या घरात मयत झाली की लोक भेटायला येतात, आणि पाच मिनिटांत तपासणी सुरू होते. कसं झालं? कुणाचं ऐकलं नव्हतं का? कुठल्या देवाचं काही राहून गेलं होतं का? घरच्याच कुणाची तरी चूक आपल्याला हवी असते. ती सापडली की बरं वाटतं. का बरं वाटतं? तर ती चूक आपण केलेली नसते, म्हणजे आपल्या घरावर काही येणार नाही! या खोडीला हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नाही. ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीतली आहे, एवढंच.

सोनपेठ तालुक्यात गोदावरीच्या काठाला थडी बोरगाव म्हणून गाव आहे. गोदावरीला तिथं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गावात ख्रिस्ती घरं चौदा, सगळी नदीकडच्या गल्लीत. पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार दिनकरराव गुरुजी सांभाळतात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, शुद्ध बोलणारे. मंडळीत कुणाचं लग्न जुळवायचं, कुणाची दारू सोडवायची, सगळीकडं गुरुजी. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मलाही आला होता.

यंदा सप्टेंबरात पावसानं कहर केला. वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि एका सोमवारी गंगा गावात शिरली. नदीकडची गल्ली सगळी गेली. प्रार्थनाघराची एक भिंत बसली. माणूस मात्र एकच गेलं, चांगुणाबाईची माधवी. वय बावीस. सासर देवगाव फाट्याजवळ, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. आठवा महिना चालू होता.

तीन दिवस ती सापडली नाही. गुरुवारी खालच्या बंधाऱ्यापाशी बाभळीला अडकलेली सापडली. तिचा नवरा सोनपेठच्या दवाखान्यात कागदपत्रांसाठी बसून होता. शुक्रवारी दुपारी माती द्यायची ठरली.

शुक्रवारी सकाळी गल्लीतली सगळी माणसं शाळेच्या वऱ्हांड्यात होती. तेच आता त्यांचं घर. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारची सुमनबाई तिच्यापुढं भाकरीचा तुकडा धरून होती आणि ती तोंड उघडत नव्हती. सुमनबाई हिंदू, पण वीस वर्षांचा शेजार. नवरा मेल्यावर चांगुणाबाईला उभं केलं ते तिनंच.

गुरुजी आले. खुर्ची ओढून बसले.

"चांगुणाबाई, दुपारी माती आहे. त्याआधी तुम्हाला मंडळीपुढं उभं राहून कबुली द्यावी लागेल."

"कशाची, गुरुजी?"

"तुम्हाला माहीत आहे." गुरुजींनी आवाज खाली घेतला. "सातव्या महिन्यात तुम्ही पोरीला घेऊन नदीवर गेला होता. नारळ, खण, हळदकुंकू घेऊन. गंगेची ओटी भरली. ख्रिस्ताचं नाव सांगणाऱ्या बाईनं नदीला हात जोडले. आणि त्याच नदीनं…"

एवढं बोलून माणूस थांबला. बघा! पुढचं वाक्य आईनं पुरं करायचं होतं. आणि तिनं केलं.

"त्याच नदीनं माझी लेक नेली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला पटलंय गुरुजी. चार दिस झाले, मी मनात हेच म्हणायलेय. माझ्यापायीच गेली ती. पण त्या पोटातल्या लेकराचं काय? त्यानं कुठं नारळ फोडला व्हता?"

"पवित्र शास्त्रापुढं मी काय बोलणार? कबुली दिली नाही, तर मला कबरेवर प्रार्थना करता येणार नाही. मंडळीचा नियम आहे."

असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. पण गुरुजींनी म्हटलं म्हणजे असणार, असं सगळ्यांना वाटलं. कबुली दिली की माधवीला प्रार्थनेची माती मिळणार होती. आणि चांगुणाबाईनं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत, पोर मी मारली असं म्हटल्यावर तिला मरेपर्यंत त्यातून कुणी सोडवणार नव्हतं.

"गुरुजी, तिला गंगंवर मीच नेलं व्हतं," सुमनबाई म्हणाली. "ती नगं नगंच म्हणत व्हती. माधवीला हौस व्हती म्हणून आली. काय बोलायचं ते मला बोला."

"सुमनबाई, हा आमच्या मंडळीतला विषय आहे. तुम्ही मधे पडू नका."

"देते मी कबुली," चांगुणाबाई म्हणाली. ती भिंतीला धरून उठायला लागली.

"बस गं चांगुणा." कोपऱ्यातून आवाज आला. "दिनकर, तूबी खाली बस. मयताच्या घरी खुर्ची घेऊन बसायलास व्हय?"

ही कडूबाई. वय ऐंशीच्या पुढं. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं आया होती, गुरुजींची दोन्ही लेकरं तिच्याच हातावर झालेली. गुरुजींना नुसतं 'दिनकर' म्हणणारी गावात ती एकटीच. गुरुजी खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसले.

"ही सुमन," कडूबाई म्हणाली, "दरसाल गंगंची ओटी भरती. हिचं घर कामून ऱ्हायलं?"

"मावशी, तिचं घर गल्लीला लागून, पण उंचावर आहे."

"हां! उंचावर हाय म्हणून ऱ्हायलं, आन् चांगुणाचं खाली हाय म्हणून गेलं. मग यात पाप कुठं आलं? आपल्या प्रार्थनाघराची भिंत बसली. त्या भिंतीनं कुणाची ओटी भरली व्हती रं?"

वऱ्हांड्यात कुणीतरी हसलं आणि लगेच शरमून गप्प झालं.

"देव न्यायी आहे, मावशी. कारणाशिवाय काही होत नाही."

"येशूच्या वक्ताला बुरूज पडून अठरा माणसं मेली. लोकं म्हणायली, लय पापी असतील ती. तो म्हणला, तुमच्याहून काय जास्त न्हवती. मला दिसंना झालं तवापासून तूच वाचून दाखवतूस की! आन् त्याचा दोस्त मेला, तवा येशू कबरंवर गेला. त्याच्या बहिणींना त्यानं विचारलं का, बायांनो, तुमचं काय चुकलं? रडला तो. देवाचा लेक असून समद्यांदेखत रडला. तू चार दिसात एकदा तरी रडलास का रं माधवीसाठी? पाळण्यात असल्यापासून तुझ्या मांडीवर खेळली ती."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. आवाज चढला.

"मग तुम्हीच सांगा कारण! पोर गेली ती का गेली?"

"खरंच सांगू?"

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पाणी का आलं ते मला ठाव न्हाई. ही सारी सृष्टीच कळा देणाऱ्या बाईवानी कण्हायलीय, कवा सुटका व्हईल ते देवालाच ठाव. पण पोर का बुडाली, ते ठाव हाय. सोमवारी आपली उपास-प्रार्थना व्हती."

वऱ्हांड्यातली माणसं जमिनीकडं बघायला लागली.

सांगतो. पाऊस थांबावा म्हणून मंडळीनं तीन दिवस उपास-प्रार्थना धरली होती. सोमवार शेवटचा दिवस. त्या प्रार्थनेला बसताना सगळ्यांनी आपापले फोन दारातल्या टोपलीत टाकायचे, ही गुरुजींनीच पाडलेली पद्धत. चांगली पद्धत होती, एरवी.

"धा वाजल्यापासून टोपली वाजायली व्हती," कडूबाई म्हणाली. "एक बंद झाला की दुसरा. तू म्हणलास, सैतान प्रार्थना मोडायला बघायलाय, कुणी जागचं हलायचं न्हाई. चांगुणा उठली. म्हणली, माझी पोर घरी एकली हाय. तू हात धरून तिला खाली बसवलंस. म्हणलास, इस्वास ठेव." तिचा श्वास लागला. "मलाबी आयकू आलं व्हतं, दिनकर. मीबी उठले न्हाई. मला वाटलं, गुरुजी म्हणायलेत तर असंल. माझाबी हात हाय यात."

ते फोन कुणाचे होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तोंडातून काढत नव्हतं. तलाठी गुरुजींना फोन करत होते, गल्ली रिकामी करा म्हणून. सुमनबाई सोनपेठच्या बाजारात गेली होती, तिथं तिला पाण्याचं कळलं, ती चांगुणाबाईला फोन करत होती. आणि माधवी आईला फोन करत होती. गंगेआधी घरामागच्या नाल्याचं पाणी चढलं आणि ती आठ महिन्यांची पोटुशी पोर ओट्यावर अडकली. चांगुणाबाईच्या फोनवर तिचे सोळा फोन येऊन गेले होते. पाणी प्रार्थनाघराच्या पायरीला लागलं तेव्हा कुठं मंडळी उठली. तोवर खालच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं.

गुरुजींना हे सोमवारी दुपारीच कळलं होतं. तेव्हापासून चार दिवस ते दुसऱ्याचं पाप शोधत होते!

चांगुणाबाईनं मान वर केली. "मी उठले व्हते," ती हळूच म्हणाली. जणू तिला आत्ताच आठवलं. "व्हय. मी उठले व्हते की!"

गुरुजी उठले आणि शाळेच्या मागं निघून गेले.

ख्रिस्ती कबरस्तान नदीकाठी, ते अजून पाण्याखालीच होतं. सुमनबाई नवऱ्याकडं, भगवानरावांकडं बघून म्हणाली, "आपल्या माळावर जागा देऊ." भगवानरावांनी नुसती मान हलवली आणि टिकाव घेऊन निघाले. बौद्धवाड्यातला सिद्धोधन फावडं घेऊन त्यांच्या मागं गेला. कुणी बोलावलं नव्हतं. माळ असूनही खड्ड्यात पाणी यायला लागलं. दोघांनी बादलीनं उपसलं, परत भरलं, परत उपसलं. शेवटी पेटी खाली सोडली तेव्हा खाली वीतभर पाणी होतंच. माधवीचा नवरा ते बघून तोंड फिरवून उभा राहिला. पेटीत दोघं होते आणि पेटी एकच होती.

गुरुजी येतील का, याचीच शंका होती. आले. हातात शास्त्राचं पुस्तक होतं, ते उघडलं नाही.

"माती देण्याआधी कबुली द्यायची आहे," ते म्हणाले. लोकांनी चांगुणाबाईकडं बघितलं. "तिची नाही. माझी."

आणि जन्मभर शुद्ध बोललेल्या त्या माणसाच्या तोंडी गावचं बोलणं आलं. "टोपली वाजत व्हती. मला आयकू येत व्हतं. आधी मला वाटलं सैतानच हाय. नंतर वाटलं, मधीच उठलो तर लोक काय म्हणतील, गुरुजीचाच इस्वास कमी पडला. म्हणून बसलो. हिला हात धरून बसवलं. देवानं त्या दिवशी वाचवायला माणसं धाडली न्हाईत असं न्हाई, तलाठी धाडला, सुमनबाई धाडली. मी दार लावून बसलो व्हतो. आन् वरून हिच्या माथी पाप मारायला निघालो. ओटीनं पोर न्हाई गेली. माझ्यापायी गेली!"

तुम्हाला वाटेल, आता चांगुणाबाई रडेल, गुरुजींना क्षमा करेल, आणि सगळं निवळेल. तसं झालं नाही. मी खोटं कशाला सांगू?

"गुरुजी, बोललात, बरं केलं," ती म्हणाली. "तुमाला आता हलकं वाटंल. मला काय वाटंल?"

गुरुजींनी पुस्तक छातीशी धरलं.

"माझी पोर सोळा येळा मला बोलवायली व्हती. तवा देव कुठं व्हता?"

चाळीस वर्षं मंडळीत प्रत्येक प्रश्नाला ज्यांच्याकडं उत्तर असायचं, ते गुरुजी म्हणाले, "मला ठाव न्हाई, चांगुणाबाई." आणि ते तिथंच चिखलात, तिच्या शेजारी बसले. रडले. मोठ्यानं रडले.

"तिच्यापाशीच असंल गं तो," कडूबाई म्हणाली. "बुडत्याच्या बाजूला असतो तो, काठावर न्हाई."

"असंल, मावशी. पण मला दिसंना."

कडूबाई सरकून तिच्याजवळ आली. तिनं चांगुणाबाईचा हात धरला. मग सुमनबाई येऊन बसली. कबरेवरची प्रार्थना अशीच झाली, शब्दांवाचून. सिद्धोधन आणि भगवानराव माती लोटत राहिले.

आता थंडी पडायला लागलीय. गल्ली अजून उभी राहिलेली नाही. गुरुजींनी मंडळीला सांगितलंय, प्रार्थनेत कुणाची हाक आली तर आधी उठायचं, देव थांबतो. चांगुणाबाई प्रार्थनेला येत नाही. गुरुजी रविवारी तिच्या पत्र्याच्या शेडपुढं जाऊन बसतात. ती त्यांच्याशी बोलत नाही. ते काही समजावत नाहीत. तासभर बसतात आणि उठून येतात.

लोकहो, पूर का येतो, भूकंप का होतो, चांगल्या माणसाचं लेकरू का जातं, याचं उत्तर तुमच्याआमच्याकडं नाही. ज्याच्याकडं आहे असं म्हणतो, तो बहुतेक आपलं काहीतरी झाकत असतो. येशूनं दुःखी माणसाला हिशेब मागितला नाही, तो त्याच्या शेजारी रडला. आपल्याला एवढंच शिकायचंय. हाक आली तर उठा. उशीर झाला असेल, तर आपली चूक आपण कबूल करा. आणि ज्या आईचं लेकरू गेलंय, तिच्या दारात जाल तेव्हा तिचं पाप विचारू नका. तिच्याजवळ बसा. बसणं जमत नसेल, तर निदान गप्प राहा.