मी मरणाचं कार्ड नव्हतो

मी एक जुनं पोस्टकार्ड आहे. माझा वरचा कोपरा फाटलेला आहे. तो पाहून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. त्या कोपऱ्यापायी मला एकदा फाडून फेकायला निघाले होते, आणि मी अजून आहे.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक, चारही कोपरे शाबूत. कारगिलची लढाई चालू होती. डोंगरावरून लष्करी दवाखान्यात आणलेल्या प्रसेनजित नावाच्या जवानानं मला मागून घेतलं. त्याला विषमज्वर झाला होता. बोटांत पेन धरवत नव्हता. अकरा ओळी लिहायला दोन दिवस लागले, पण दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायला गडी तयार नाही. भलताच हट्टी माणूस!

मग प्रवास. टपालाच्या पोत्यात कशाततरी अडकलो आणि माझा कोपरा टर्रकन गेला. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, तेव्हा कोणी वारलं की ते कळवताना कार्डाचा कोपरा मुद्दाम फाडत. असलं कार्ड घरात नेत नसत. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं.

विदर्भातल्या मानोऱ्याजवळ प्रसेनजितचं गाव, तिथं पोस्टमन रामधननं मला हातात घेतलं. कोपरा फाटका, वर लष्करी दवाखान्याचा शिक्का. पुढचं वाचायची त्याची छातीच झाली नाही. त्यानं मला शेजारच्या उकंडरावांच्या हाती दिलं आणि तिथंच थांबला. घटकाभरात प्रसेनजितच्या अंगणात गाव गोळा झालं. त्याचे वडील पंजाबराव लेकाच्या नावानं रडायला लागले. हिरीबाई नावाची शेजारीण तर रडत रडत त्याच्या बायकोच्या, पौर्णिमाच्या, बांगड्या उतरवायला पुढं झाली. आणि माझ्यावरच्या अकरा ओळी कोणी वाचेना! मला असा संताप आला म्हणून सांगू. अरे, तो जिवंत आहे, उत्तराची वाट पाहतोय, त्याचा पत्ता माझ्याच अंगावर आहे. मी गेलो तर त्याला उत्तर कोण देणार?

आता वाचून काय करायचं, असं पुटपुटत उकंडरावांनी मला दोन्ही हातांत धरलं. तेवढ्यात प्रसेनजितची आई लिलाबाई शेतातून धावत आली.

"उकंडभाऊ, माह्या लेकाचं कार्ड हाये ते. वाचल्याबिगर फाडलं तं हात मोडीन तुमचा."

तिचं ऐकून पौर्णिमानंही हिरीबाईचा हात झटकला. मोठ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, "माह्या नवऱ्यानं लिवलं, मीच वाचीन."

आणि वाचलं तिनं, मोठ्यानं. सुरुवातीला सप्रेम जयभीम. मग, विषमज्वर झाला, आता उतार आहे. पुढं त्यानं लिहिलं होतं की सोबतची पोरं डोंगरावर लढतायत आणि मी तापानं खाटेवर पडलोय, याची मला फार शरम वाटते. गावात कोणाला सांगू नका. तुम्हालाही शरम वाटत असेल तर उत्तर पाठवू नका. घ्या! सगळं गाव तर समोरच उभं होतं.

पंजाबरावांना रडावं की हसावं कळेना. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं, म्हणालं, हा तर लढाईत जाऊन तापानंच आडवा झाला. लिलाबाई गर्रकन वळली. तिनं रामधनला पिशवीतून कोरं कार्ड काढायला लावलं, सुनेला उंबऱ्यावर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगायला लागली.

"लिव. गाव तुह्यासाठी रडाले आल्तं, तू जित्ता हायेस आयकून वापस गेलं. ताप आला तं आला. आमाले कायची शरम? बरा हो, अन् मंग जा डोंगरावर."

प्रसेनजित बरा झाला, डोंगरावर परत गेला, पुढं निवृत्त होऊन घरी आला. मी मात्र पेन्शनच्या कागदांखाली दबून पडलो. परवा त्याची मुलगी निकिता कपाट आवरताना मला रद्दीत टाकायला निघाली होती, तीही न वाचताच! मग सहज नजर गेली, आणि दुपारभर ती मला घेऊन बसून राहिली.

मित्रांनो, मला काचेत मढवू नका, हार घालू नका. दया तर मुळीच नको. माझं एकच सांगणं आहे. दूर कुठं आजारी पडलेल्या माणसाचं म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्याआधी त्याला मेलेला ठरवायचा हक्क कोणाच्या बापाला नाही.