थट्टेकऱ्यांची कुदळ

फादर वाउटर वारल्याची बातमी घेऊन धर्मशिक्षक अल्फोन्सी धावत आला, तेव्हा युस्ता वेदीची कापडं इस्त्री करत होती. तिनं कोळशाची इस्त्री खाली ठेवली नाही. कड पूर्ण केली, घडी घातली आणि मग विचारलं, "नक्की ना?"

बावीस वर्षं ती सकाळी सहाच्या मिस्सेला गुडघे टेकून एकच मागणं मागत आली होती. हा माझ्याआधी जाऊ दे. देव सगळ्यांचं ऐकतो म्हणतात. तिचं ऐकलं.

म्हातारा वाईट होता असं उलुगुरूच्या या डोंगरात कुणी म्हणणार नाही. हॉलंडहून आला तेव्हा तिशीत होता, पुढं एकेचाळीस वर्षं इथंच राहिला. पकडीनं लोकांचे दात उपटायचा, मधमाश्या पाळायचा, फाटक्या झग्याला स्वतः ठिगळ लावायचा. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि घेवडा आपल्यासारखाच हातानं खायचा. मरणाऱ्याला शेवटचं तेल लावायला चिखलातून फटफटी ढकलत जायचा. सगळं खरं आहे. खऱ्या गोष्टींचा असा ढीग रचत गेलं की त्याच्याखाली एखादी गोष्ट सहज पुरता येते.

ती गोष्ट एफ्राझियाची, युस्ताच्या धाकट्या बहिणीची. नवरा मेल्यावर ती कोनराडीकडे राहायला गेली. त्याची पहिली बायको घरात होती. फादरनी एफ्राझियाला मिस्सेत मागच्या बाकावर बसवलं आणि प्रसाद बंद केला. पुढं ती मेली, तर तिला मिशनच्या दफनभूमीत जागा दिली नाही. घायपाताच्या कुंपणाबाहेर उतारावर पुरली. युस्ता पाया पडली, तर फादर म्हणाले की नियम त्यांचा नाही, देवाचा आहे.

आणि कोनराडी? तो तीन वर्षांनी आजारी पडला, पापांची कबुली दिली, रडला, आणि कुंपणाच्या आत सिमेंटच्या कबरीत झोपला. एकाच खाटेवरचं पाप, त्याला आतली जागा आणि तिला बाहेरची. हे देवाचं गणित असेल तर देवानं पुन्हा शाळेत जावं, असं युस्ता मनात म्हणायची आणि लगेच क्रूसाची खूण करायची.

तरी तिनं मिशनचं काम सोडलं नाही. बायका टोमणे मारायच्या. ज्यानं बहिणीला बाहेर फेकलं त्याचे झगे कसले धुतेस, म्हणायच्या. ती म्हणायची, मळ मळच असतो. खरं कारण वेगळं होतं. आपल्याकडे प्रत्येक कुळाचं एक थट्टेकरी कूळ असतं. घरात मयत झाली की थट्टेकरी येतात, प्रेत धुतात, खड्डा खणतात, मेलेल्याची नक्कल करतात, त्याला तोंडावर काहीही बोलतात. रागवायचं नाही, असा रिवाज. आणि कुदळ फक्त त्यांनीच धरायची. दुसऱ्यानं धरली तर त्याच्या अंगावर फोड उठतात, हे मिशनच्या शाळेत शिकलेलेही मानतात. फादर आले त्या साली जुन्या मुखियानं त्यांना मानानं लोखंड कुळात घेतलं होतं. फादर इतके खूश झाले की घरी लांबलचक पत्र लिहिलं. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, पण एक साधी गोष्ट विचारायची राहून गेली. लोखंड कुळाचे थट्टेकरी कोण?

थट्टेकरी म्हणजे युस्ताचं कूळ. कुदळ हातात येण्याच्या त्या दिवसापर्यंत तिला जवळच राहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी फणसाखाली पेटी ठेवली. खालच्या मैदानातून लोक आले, बिशपसाहेबांचा माणूस गाडी घेऊन आला. मिस्सा म्हणायला नवे फादर देओग्रासियस होते, तरुण, सभ्य, बोलताना बोटं गुंतवणारे. मग थट्टेकरी आले. पुढं मेल्किओरी, एफ्राझियाचा मुलगा, आता चौतिशीचा; आपल्याकडे कूळ आईकडून येतं. त्याला युस्तानंच वाढवला. आई बाहेर का, असं तो लहानपणी विचारायचा, तेव्हा आत जागा नव्हती असं तिनं सांगितलं होतं. डोक्यावर फादरची टोपी, हातात पकड, तो फादरसारखा पाय फेकत, एकेकाचा जबडा उघडत गाऊ लागला. "देवानं दिला, देवानं नेला, दाढ माझ्याकडं ठेव." लोक हसून लोळले. पेटीजवळच्या नन्ससुद्धा ओठ दाबून हलत होत्या.

मग युस्ता पेटीच्या उशाशी उभी राहिली.

"वाउटर," ती म्हणाली. फादर नाही, नुसतं वाउटर. त्यावरच हशा पिकला. "माझी बहीण मरायला टेकली होती. तिनं तुला बोलावलं. तू आलास आणि उंबऱ्यावर उभा राहिलास, आत पाय टाकला नाहीस. ती म्हणाली, पाणी. तू म्हणालास, आधी चारचौघांत म्हण, त्याला सोडते. तिच्यात श्वास नव्हता रे. तू घड्याळ बघितलंस. मग फटफटीला लाथ मारलीस आणि गेलास. तेल तुझ्या खिशातच राहिलं."

फटफटीचं नाव निघताच सगळे फुटले. ती फटफटी पाच लाथांशिवाय कधी सुरू झाली नव्हती, हे साऱ्या डोंगराला ठाऊक. कुणी फटफटीचा आवाज काढला. अल्फोन्सी डोळे पुसत म्हणाला, "आजी काय हुबेहूब करते."

युस्तानं तेच पुन्हा सांगितलं, हळू. लोक आणखी हसले. कोनराडीचे मुलगेही हसले.

तेव्हा तिला चूक कळली. जिथं कुणी रागावू शकत नाही अशी जागा तिनं बावीस वर्षं राखून ठेवली होती. जिथं कुणी रागावू शकत नाही, तिथं कुणी खरंही मानत नाही.

एकटा मेल्किओरी हसत नव्हता. त्यानं टोपी काढून पेटीवर टाकली. "मावशी, तू म्हणाली होतीस जागा नव्हती."

"खोटं बोलले. तू दहा-बारा वर्षांचा होतास."

त्याच्या हातातली पकड खाली पडली. युस्तानं भिंतीला टेकवलेली कुदळ उचलून त्याच्या हातात दिली. फादरच्या कबरीची जागा कुंपणाच्या आत, वेदीच्या भिंतीलगत, चुन्यानं आखून ठेवली होती. तिच्यावरून पाय टाकून ती कुंपणाबाहेर गेली, मागं मेल्किओरी, मागं सगळं कूळ. एफ्राझियाच्या शेजारी पहिला घाव पडला.

लोकांना अजून थट्टाच वाटत होती. थट्टेकरी खंडणी मागतात, त्यातलाच प्रकार. लोखंड कुळाच्या माणसांनी कोंबडा आणला. युस्तानं तो पाय सोडून उडवून दिला. दारूचं मडकं आणलं, तिनं ते उपडं केलं. मडकं उपडं झाल्यावर मात्र हसू आटलं, कारण दारू कुणी थट्टेत सांडत नाही.

फादर देओग्रासियस झगा सावरत उतारावर आले. "आजी, पुरे आता. ऊन चढलंय, तीन दिवस झालेत."

"माझ्या बहिणीला बावीस वर्षं झाली."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. अल्फोन्सीला म्हणाले, तुम्ही खणा आत. अल्फोन्सीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. मग फादरांनी आवाज मऊ केला. कुंपणच सरकवू, घायपात उपटून हा तुकडा आत घेऊ, एफ्राझिया आत येईल, फादर वाउटरही आत राहतील. युस्ताच्या कुळातल्या दोन बायकांनी मान डोलावली. मागितलं होतं तेच मिळत होतं.

"आणि लोकांना काय सांगाल?" युस्तानं विचारलं. "वाउटर चुकला, असं म्हणाल? इथं, सगळ्यांसमोर?"

फादरांची बोटं गुंतली. बिशपांना विचारावं लागेल, म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलणं बरं नाही, म्हणाले.

"मग कुंपण आहे तिथंच राहू दे. तोही बाहेरच."

खड्डा झाला. थट्टेकऱ्यांनीच पेटी उचलली आणि घायपाताच्या फटीतून बाहेर काढली. काट्यांनी पेटीवरचं पांढरं कापड फाटलं. ते युस्तानंच धुतलेलं होतं. फादर देओग्रासियसनी पुस्तक उघडलं. त्यांनी तोंड उघडताच मेल्किओरीनं मघाचं दाढेचं गाणं सुरू केलं, अख्खं कूळ टाळ्या वाजवत मागं म्हणू लागलं. मयतीत गाणारे थट्टेकरी, त्यांना कोण गप्प करणार? फादरांचे ओठ हलत राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्यांवर प्रार्थना म्हणणाऱ्याच्या वाट्याला ऐकू येईल असा प्रार्थनेचा एक शब्दही आला नाही. बिशपसाहेबांचा माणूस तेवढ्यात गाडीत जाऊन बसला होता.

युस्ता गात नव्हती. ती माती लोटत होती, वाकून, दोन्ही हातांनी, सत्तरीच्या कमरेची पर्वा न करता.

पुस्तक मिटून फादर तिच्या बाजूला आले. "आता शांत वाटतंय का, आजी?"

तिनं विचार केला. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "बाजूला व्हा. तुमच्या पायाखाली माती आहे."