शिवकांताची दिवाळी

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या दुष्काळी वर्षीची गोष्ट. निलंग्याच्या शिवकांताची आई श्रावणात गेली होती. तरी दिवाळीला नणंदा येणार म्हणून ती लांबून पाणी आणत होती, फराळ करत होती. वसुबारसेला चकल्या तळताना तिचे हात थांबले आणि ती चुलीपुढंच रडू लागली.

सासू नीलाबाई धावत आल्या. "काय झालं गं?"

"मला न्हाई होत, आत्या. लई थकले. कुणाशी हसून बोलावं वाटंना."

नीलाबाईंनी कढई उतरवली. "मग नगं बोलूस. फराळाचं माझ्या पोरी आल्या की बघतील. तू माडीवर जाऊन पड."

नणंदा आल्याचा आवाज ऐकूनही शिवकांता उठली नाही. संध्याकाळी धाकटी नणंद उमा चहा घेऊन वर आली आणि काही न विचारता शेजारी बसून राहिली.