गोरक्षची गाडी

गहिनीनाथच्या दारात उभी असलेली मोटरसायकल गहिनीनाथची होती. आरसी बुकावर नाव त्याचं, विमा त्याच्या नावाचा, पेट्रोल त्याच्या खिशातलं. तरी अख्खी पंचक्रोशी तिला ‘गोरक्षची गाडी’ म्हणायची. तो डेअरीवर दुधाचे कॅन घेऊन गेला की लोक म्हणायचे, गोरक्षची गाडी आली, सरका जरा. पंक्चरवाला म्हणायचा, गोरक्षच्या गाडीचं मागचं टायर गुळगुळीत झालंय. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात नवी सून सासरची होऊन जाते, पण ही मोटरसायकल काही व्हायला तयार नव्हती.

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर गहिनीनाथनं हसून सोडून दिलं असतं. पण गोरक्ष म्हणजे कोण? तर त्याच्या बायकोला, अश्विनीला, आधी बघायला आलेला नवरदेव. नुसता बघायला आला नव्हता, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मग काय झालं कुणास ठाऊक, ते मोडलं आणि सहा महिन्यांत अश्विनी गहिनीनाथच्या घरात आली. हे त्याला कळलं कुठं, तर स्वतःच्याच लग्नाच्या पंगतीत, तिच्या एका मावशीच्या तोंडून. बुंदीचा घास त्यानं तसाच गिळला आणि पुढच्या अकरा वर्षांत त्याबद्दल एका अक्षरानं विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ते गेलं असं थोडंच आहे? ते आत ठाण मांडून बसलं होतं.

गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा तर कहरच झाला. काष्टीला जुन्या गाड्यांच्या दुकानात वीसेक मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या. त्यातली एक निळी, कमी चाललेली, गहिनीनाथनं मनात धरली होती. पण अश्विनी एका काळ्या, टाकी एका बाजूनं चेपलेल्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “घ्यायची तर हीच घ्या.” दुकानदार कागदांत नंबर शोधेपर्यंत हिनं तो तोंडपाठ सांगून टाकला, तोही गाडीकडं पाठ करून. पहिला मालक कोण ते दुकानदारानं मग सांगितलंच. गहिनीनाथनं निळ्या गाडीकडं एकदा बघितलं आणि पैसे मोजले.

आणि वर तिचं ते गाडीचं कौतुक! दर रविवारी गाडी धुणार. टाकी जुन्या साडीच्या मऊ तुकड्यानं पुसणार, चेपलेल्या जागी तर हात आणखी हळू होणार. गोठ्याच्या मागं चांगली सावली असताना गाडी लावायला सांगणार ती भर दारात, रस्त्याकडं तोंड करून. त्याच रस्त्यानं रोज सकाळी नऊच्या सुमाराला गोरक्षचा दुधाचा पिकअप जायचा. ते गहिनीनाथला माहीत होतं आणि तिलाही. बरोबर त्याच वेळी तिचं अंगणात काहीतरी काम निघायचं. गहिनीनाथ खिडकीतून बघायचा आणि हातातला चहा त्याला कडू लागायचा. इतक्या मायेनं तिनं त्याचा सदरा कधी झटकला नव्हता.

हे सगळं त्यानं सोसलं. पण त्या बुधवारी कांदा न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं फोन करून कुठं आहात म्हणून विचारलं, आणि गहिनीनाथ आपल्याच तोंडानं बोलून गेला, “हा काय, आलोच, गोरक्षच्या गाडीवर हाय.” फोन ठेवल्यावर त्यानं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. बस्स झालं. टाकी काढायची आणि काष्टीच्या रंगाऱ्याकडून पोपटी करून आणायची. मग बघू कोण गोरक्षची म्हणतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात गोणपाट अंथरलं आणि पाने मांडले. गहिनीनाथ काही मेस्त्री नव्हता. मोबाईलवर त्यानं एक व्हिडिओ बघितला होता, त्यातला माणूस गप्पा मारत पाच मिनिटांत टाकी काढून दाखवत होता. गहिनीनाथला नुसती सीट काढायलाच अर्धा तास लागला. मग पेट्रोलचा कॉक बंद केला, पकडीनं क्लिप सरकवून नळी ओढली आणि खाली कॅन धरून कॉक सोडला. त्यातलं पावशेर पेट्रोल मनगटावरून थेट कोपरापर्यंत गेलं. टाकीचा मागचा बोल्ट गंजलेला. पाना दोनदा निसटला आणि बोटाचं सालपट निघालं. शेवटी एकदाचा बोल्ट निघाला. त्यानं टाकीला मिठी मारून ती मागं ओढली. ती वीतभर सरकली आणि अडकून बसली. ही पण त्याच्याच बाजूची, गहिनीनाथ मनात म्हणाला, आणि पाय रोवून आणखी जोर लावला.

“अवो, काय चाललंय?” अश्विनी शेणाचे हात घेऊन गोठ्यातून बाहेर आली. “टाकी का काढताय?”

“रंगवायचीय. पोपटी.”

“पोपटी? गाडी हाय का ढोबळी मिरची?” ती हसली, मग तिनं त्याचं तोंड बघितलं. “नका रंगवू. काळीच ऱ्हाऊ द्या.”

“का? काळीच का?”

“ऱ्हाऊ द्या म्हनते ना. आन् तशी वढू नका, खाली पेट्रोलच्या काट्याची वायर हाय. तुटंल.”

“तुला काय म्हाईत खाली काय हाय ते?”

“धुताना दिसती की.”

गहिनीनाथनं टाकीखाली हात घातला. वायर होती. ती सोडवली तशी टाकी सुळकन हातात आली, आणि त्यामुळं तर त्याचं डोकं आणखीच भडकलं. अकरा वर्षं दाबून धरलेलं ते टाकी पोटाशी धरून बाहेर पडलं.

“अश्विनी, तुला गोरक्षची गाडी पायजे हुती का गोरक्ष पायजे हुता?”

ती हात न धुता तशीच ओट्यावर बसली.

“कुनी सांगितलं तुमाला?”

“लग्नातच कळलं.”

“आन् इतकी वर्सं गप बसला?” तिनं त्याच्याकडं बघितलं. “ठरल्तं माझं. साखरपुड्याचा दिस धरल्ता. आदल्या दिशी त्याचा बाप आला, म्हनला पोराला मोटरसायकल पायजे, न्हाईतर इथंच थांबू. आमचे आबा त्याच्या पाया पडले. माझ्यासमोर. आन् हा गोरक्ष वसरीवर बसून मोबाईल बघत हुता, एक शबूद बोलला न्हाई. मंग दुसऱ्या सासऱ्यानं दिली त्याला गाडी. हीच. बाजाराला जाताना आमच्या दारावरनं न्यायचा. गाडीचा आवाज आला की आबा घरात जाऊन बसायचे. नंबर पाठ न्हाई व्हनार तर काय?”

“मंग आपन ही घेतली ती...”

“आता माझ्या दारात हाय ती. तुमी तिच्यावर पेंडीची पोती वाहता, दुधाचे कॅन आदळता. त्यो रोज हितनं जातो. बघू दे त्याला. रंगवली तर वळखू कशी येनार?”

गहिनीनाथला एकदम हलकं वाटलं. हसावं असंही वाटलं. पण ते मिनिटभरच टिकलं. अकरा वर्षं! प्रेम असतं तर एव्हाना विटलं असतं. हिनं राग कसा ताजा ठेवला होता, रोज पुसून पुसून.

“माझा कधी येवढा राग आला का गं तुला?”

तिनं खरंच आठवून बघितलं. “तुमचा? तुमचा कशाला यील? तुमी कुठं काय केलंय?”

ती चांगल्या मनानं बोलली, हे त्याला कळत होतं. तरी ते असं झोंबलं की त्यानं टाकी खांद्यावर टाकली आणि तरातरा रस्त्याला लागला. शंभर पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की टाकी खांद्यावर म्हणजे गाडी घरात, आणि काष्टी आठ किलोमीटर. परत फिरायला तोंड नव्हतं. तेवढ्यात मागून पिकअप आला आणि शेजारी थांबला.

“कुठं पाव्हनं, टाकी घिऊन? बसा, सोडतो.”

गोरक्षच होता. गहिनीनाथनं त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. पोट सुटलेलं, केस मागं हटलेले, दात गुटख्यानं लाल. ह्याच्यापायी आपण एवढे कडू चहा प्यायलो, असं वाटून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो टाकी मांडीवर घेऊन बसला आणि थोडं पुढं गेल्यावर त्याला राहवेना.

“वळखली का?”

“काय?”

“टाकी. तुमच्याच गाडीची हाय.”

गोरक्षनं ओझरतं बघितलं. “माझ्या? सासऱ्यानं दिल्ती ती आसंल. तिच्यावरनं दोनदा पडलो. इकून टाकली.”

“माझ्या दारात आसती. तुमी रोज तिथनंच जाता.”

“रस्त्याला खड्डे येवढे, लोकांची दारं कवा बघू?” तो मोकळेपणी हसला.

“आमची मंडळी बेलवंडीची. अश्विनी. तुमी बघायला गेल्ता तिला.”

गोरक्षच्या कपाळाला आठी पडली. “बेलवंडी... हां, तिकडची एक सोयरीक मोडली हुती खरी. कशावरनं मोडली काय की. पत्रिका जुळली नसंल. त्या साली लई पोरी बघितल्या पाव्हनं, कोन ध्यानात ऱ्हातंय?”

काष्टीला उतरताना गहिनीनाथला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. औषध सापडलं होतं. हे एक वाक्य घरी जाऊन सांगायचं, की गोरक्ष तिच्या डोक्यातून मुळासकट उपटला जाणार. मग टाकी काळी राहिली काय आणि पोपटी झाली काय. तो रंगाऱ्याकडं गेलाच नाही. मिळाली त्या रिक्षानं तसाच परतला, वाटेत ते वाक्य दोनचारदा म्हणूनही बघितलं.

अश्विनी रस्त्यावरच उभी होती. हात धुतलेले, पदर नीट केलेला.

“त्याच्याच गाडीत बसला ना तुमी? मी बघितलं हितनं. वळखली का त्यानं?”

वाक्य जिभेवर तयार होतं. गहिनीनाथनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला पायावर वाकलेला म्हातारा सासरा दिसला.

“वळखली,” तो म्हणाला. “बघितल्याबरुबर वळखली. तोंड उतरलं त्याचं.”

“खरं?”

“काष्टीपतूर मान वर केली न्हाई. उतरताना म्हनला, लई चुकलं आमचं तवा.”

अश्विनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती इतकी देखणी दिसली की गहिनीनाथ बघतच राहिला. अकरा वर्षांत तिचा असा चेहरा त्याच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. आजही तो त्याच्यासाठी नव्हता. हे त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि जळत तर होतं आधीपेक्षा जास्त.

तिनं टाकी पुढून धरली, त्यानं वायर जोडली, नळी बसवली. मागच्या बोल्टला त्यानं पाना लावला तशी ती वाकून अगदी त्याच्या जवळ आली.

“परत सांगा ना. तोंड कसं झाल्तं त्याचं?”

बोल्ट आवळत आवळत गहिनीनाथनं पहिल्यापासून परत सांगितलं.