डाव्या टाचेचा खिळा

स्पीकरच्या दुकानातल्या विक्रेत्याने आधी हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. मग एक इमारत पाडली. मग मोटारींचा पाठलाग सुरू झाला, काउंटरवरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं आणि त्याने, आता कसं, अशा नजरेने गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाईक बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि हा लावता का, असं विचारलं.

त्यात चाळीस सेकंदांचा आवाज होता. कोणीतरी लाकडी जिना चढतं, ओल्या फरशीवरून अनवाणी जातं, खडीवर चार पावलं टाकतं आणि मागे वळतं. संगीत नाही, संवाद नाही, संपलं.

"ताई, लोक इथे छप्पर उडवायला येतात," विक्रेता म्हणाला. "तुम्ही चपला ऐकायला आलात?"

"हो," ती म्हणाली. "चपलाच."

तिचा धंदाच तो होता. सिनेमाच्या चित्रीकरणात माइक धरला जातो तो नटांच्या तोंडाजवळ. पायांकडे कोणी बघत नाही. ती पावलं नंतर एका बंद खोलीत, पडद्यावर चित्र बघत, नव्याने वाजवावी लागतात. स्टुडिओतल्या त्या खोलीत लाकूड, फरशी, खडी, माती असे चौकोन होते आणि अकरा वर्षं ती त्या चौकोनांवर जागच्या जागी चालत आली होती. न्यायाधीश, चोर, नवऱ्याला सोडून निघालेल्या बायका, तापातून उठलेलं मूल, सगळ्यांचे पाय तिचे. स्टुडिओत तिला पावलंवाली म्हणत. काम जमलं की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आलं तर ते फसलेलं असतं, अशी तिच्या धंद्याची रीत. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती एकाच माणसाबद्दल. तिच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं बूट दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. दुकान बंद केलं तेव्हा, लोक दुरुस्तीला टाकून गेले आणि न्यायला परत आलेच नाहीत, अशा बुटांची दोन खोकी उरली. ती त्यांनी सुनेला दिली. स्टुडिओत तिने अर्धं जग चालवलं ते त्याच बुटांवर. पण सासऱ्यांनी त्यातलं एकही पाऊल ऐकलं नव्हतं. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून थिएटरच्या पायऱ्या त्यांच्यासाठी संपल्या होत्या, आणि घरच्या टीव्हीचे स्पीकर होते मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. त्यातून संवाद कसेबसे यायचे. पावलं भिंतच ऐकायची.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल गप्पा मारायला वर आले होते. सूनबाई काय करतात, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, "जागच्या जागी पाय आपटते. त्याचा पगार मिळतो." ग्रंथपाल खो खो हसले. तिने चहाचे कप उचलले आणि आत गेली. ग्रंथपालांचं हसणं ती संध्याकाळपर्यंत विसरली. सासऱ्यांचं वाक्य मात्र पायात गेलेल्या काचेसारखं राहिलं. बुटात काय असतं हे ज्या एका माणसाला कळत होतं, त्यानेच ते म्हटलं होतं.

आणि आता, येत्या रविवारी दुपारी तीन वाजता, ज्यातली सगळी पावलं तिने एकटीने वाजवली होती तो सिनेमा टीव्हीवर लागणार होता. एका लॉजची गोष्ट. पहिली वीस मिनिटं तिथला रखवालदार दिसतच नाही, वरच्या मजल्यावर नुसता चालताना ऐकू येतो. म्हणजे ती वीस मिनिटं पडद्यावर रखवालदार झालेल्या नटाचं काहीच नव्हतं. जे होतं ते तिचं होतं.

विक्रेत्याने सगळ्यात महागडा संच लावला. जिना चढणारा माणूस पाठीवर दोन पोती घेऊन चढतोय असं वाटलं. मग टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी लावली. आवाज स्वच्छ होता, पण खडीवरचा माणूस मागे वळला तरी समोरच उभा राहिला. सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात एक खोका होता. तळहाताएवढे पाच स्पीकर, जड, घुमणारा आवाज काढणारा एक वूफर, प्लेअर आणि वायरी, सगळं त्यातच. ते स्वस्तातलं आहे हो, असं विक्रेता स्वतःच म्हणाला. तिने तेच लावायला सांगितलं, दोन स्पीकर आपल्या पाठीमागे ठेवायला लावले आणि डोळे मिटले.

आधी टाच, मग चवडा. दोन्ही वेगळे. ओल्या फरशीवर तळवा सुटताना येतो तो बारीक चिकट आवाजही आला. शेवटी खडीवरचा माणूस तिच्या डाव्या खांद्यामागे वळला. विक्रेत्याने चक्क वळून पाहिलं, आणि मग आपण कोणाकडे पाहतोय हे लक्षात येऊन नुसताच घसा साफ केला. ठरवलेल्या रकमेत खोका बसत होता. घासाघीस न करता तिने तो बांधायला सांगितला.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, त्यामुळे वायरींशी त्याचं वाकडं नव्हतं. शनिवारी त्याने भिंतीच्या कडेकडेने वायरी नेल्या. सासरे खुर्चीत बसून बघत होते. घरात बोलणारी तोंडं कमी पडत होती का, म्हणून अजून पाच आणली, असं त्यांनी विचारलं. वूफर कुठे ठेवायचा यावर थोडी बाचाबाची झाली आणि तो कोपऱ्यात, फरशीवर बसला. मग ती सासऱ्यांच्या खुर्चीत बसली, डोळे मिटून पेन ड्राइव्ह ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मागचे दोन उलटे लागलेत. माणूस डावीकडे वळायला हवा." नवऱ्याने वायरी बदलल्या. माणूस डावीकडे वळला.

रविवारी तीनला सिनेमा सुरू झाला. सासरे आधी जांभया देत होते. एक जोडपं लॉजमध्ये उतरलं, सामान ठेवलं, दिवा लागला. आणि मागून, वरून, पावलं आली. सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला.

सासऱ्यांनी मान वर केली. सुनेने त्यांच्याकडे न बघण्याचं ठरवलं होतं, तिने ते पाळलं नाही.

"आवाज वाढव," ते मुलाला म्हणाले.

पावलं परत फिरली. सासऱ्यांचा उजवा हात मांडीवर आला आणि बोटं हलायला लागली, बूट हातात धरून फिरवावा तशी.

"हा बूट माझा आहे," ते म्हणाले.

नवऱ्याने आवाज आणखी वाढवला.

"तपकिरी. दोन्ही टाचांना मीच नाल ठोकली होती. डावीचा पुढचा खिळा उठलाय, ऐक, दर डाव्या पावलाला बारीक टिक् येतंय." ते पुढे म्हणाले, "पण पाय त्या गिऱ्हाइकाचा नाही. तो फरफटत चालायचा, म्हणून तर टाच झिजली. हा आधी टाच ठेवतो, थांबतो, मग भार देतो. खालच्यांना ऐकू जावं म्हणून चालतोय हा माणूस."

दिग्दर्शकाने तिला हेच सांगितलं होतं. त्याला ते समजावून सांगायला अर्धा दिवस लागला होता.

"तू चालतेस हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, उद्या तो बूट घरी घेऊन ये, खिळा बसवून देतो, माझ्या हातचं काम असं उघडं पडलेलं मला चालायचं नाही.

"नको," ती म्हणाली. सासऱ्यांना ती सहसा नको म्हणत नसे. "अकरा जोड वाजवून बघितले. त्या खिळ्यामुळेच हा माणूस उभा राहिला. त्याला हात लावू नका."

चाळीस वर्षांत खिळा सुटलेला बूट सासऱ्यांनी कोणाला तसाच परत दिला नव्हता.

"मग कुलपात ठेव," ते शेवटी म्हणाले. "एखादा शहाणा बघेल आणि ठोकून मोकळा होईल."

तिने मान डोलावली. मग तिने वाकून वायर सरळ करायला घेतली. वायर सरळच होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालचे ग्रंथपाल होते, वर्तमानपत्र हातातच होतं आणि दुपारची झोपमोड कपाळावर. ते दारातूनच सुरू झाले. घरात बूट घालून कोण फिरतंय, गेली दहा मिनिटं डोक्यावरून येरझाऱ्या चालल्यात, खाली माणसं राहतात याचं काही भान आहे की नाही.

नवऱ्याने कोपऱ्यातल्या वूफरकडे पाहिलं आणि हसू दाबलं. ती माफी मागायला पुढे होणार, तोच सासरे खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. आपली खुर्ची त्यांनी आजवर डॉक्टरलासुद्धा दिली नव्हती. ग्रंथपालांचा दंड धरून त्यांनी त्यांना त्या खुर्चीत बसवलं, वर्तमानपत्र हातातून काढून घेतलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"अहो, पण आहे कोण वर?" ग्रंथपाल छताकडे बघत म्हणाले.

"बोलू नका," सासरे म्हणाले. "आमची सूनबाई चालतेय."