नऊ नंबरचा बाप

"दगड अजून पांढरे पडले नाहीत, इनोके. तुझ्या प्रार्थनेनं दालो शिजत असता, तर मी घरीच नसते का राहिले?"

"प्रार्थनेनं तुझं तोंड बंद होत नाही सेरुवाया, तिथं दालो काय शिजतोय!"

शाळेमागच्या आंब्याखाली कमरेएवढा खड्डा पेटला होता. लाकडांवर दगड आणि शेजारी टोपल्यांत सोललेले दालोचे, म्हणजे अळूचे, कंद, कोंबड्या, केळीची पाने. दगड तापून पांढरे झाले की त्यावर सगळे रचायचे आणि वरून पाने, माती घालून दोन तास झाकायचे. उद्या, शनिवारी, रग्बीचा अंतिम सामना. दोन आठवडे पोरे शाळेच्या सभागृहात मुक्कामाला होती आणि आईबाप पाळीपाळीने चुलीपाशी. इनोकेची पाळी कधी संपतच नसे. बसवर ड्रायव्हर होता तो. मालकाकडून पंधरा दिवसांची रजा घेऊन आला होता आणि रोज पहाटे भजनाची पहिली ओळ उचलून पोरांना उठवत होता. सूर नेहमी खालचा धरी, म्हणजे घोगऱ्या गळ्यालाही पेलेल.

सेरुवाया ही संघातल्या एका आडदांड पोराची आई. तिच्या आणि इनोकेच्या मुलखांचे मूळ दैवत एक. त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलण्याचा दोघांना जन्मजात हक्क. राग मानील त्याचीच शोभा.

एवढ्यात मैदानाकडून जोसुआ मास्तर आले. संघाला शिकवणारे. खड्ड्यापाशी येऊन उभे राहिले, आगीकडे बघत.

"दादा, यादी लागायच्या आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो. नऊ नंबरला इलाइतिया खेळेल. तुमचा रुसिआते एकवीस. राखीव."

इनोकेने हातातले लाकूड हळूच खाली ठेवले.

"वर्षभर तोच खेळला, मास्तर."

"हो दादा. चांगला खेळला."

"मग?"

"मग काय सांगू? या महिन्यात तो पोरगा जास्त चांगला खेळतोय." मास्तर मान लववून निघून गेले.

इनोकेने पानांचा भारा उचलला आणि तडक दगडांवर टाकायला लागला. दगड अजून काळेच होते.

"अरे ए! काय चाललंय?" सेरुवायाने त्याच्या हातातली पाने हिसकली. "कच्चा दालो पोरांच्या घशाला खाजतो, माहीत नाही तुला? राग मास्तरावर आहे, मग खाज लेकरांना कशाला?"

"तुला बोलायला काय जातं? तुझा खेळतोय."

"खेळतोय. आणि नसता खेळत, तरी मी अशीच बोलले असते. तुझ्या नशिबी मीच आहे." मग आवाज उतरवून म्हणाली, "गावाला काय सांगणार आहेस, त्याचा विचार कर."

तेच तर होते. महिन्यापूर्वी इनोके नदीच्या वरच्या अंगाला, आपल्या गावी गेला होता. शब्द देताना ठेवतात ती यांगोनाच्या मुळांची जुडी जाणत्यांपुढे ठेवून त्याने सांगितले होते की माझा लेक नऊ नंबर घालून अंतिम सामना खेळणार. यादीचा पत्ता नव्हता. अंतिम फेरी तरी कुठे गाठली होती! पण हा माणूस श्रद्धाळू. देवाचे आभार आगाऊ मानले तर त्यात चुकले काय, असे त्याला वाटले. जाणत्यांनी जुडीला हात लावला, पोकळ ओंजळीच्या टाळ्या वाजल्या आणि शब्द गावाचा झाला. आता उद्या गावातून बस भरून माणसे येणार होती. सोबत एक डुक्कर आणि एक मासी. झाडाची साल कुटून केलेले ते लांबरुंद कापड रुसिआतेच्या आईने लग्नात आणले होते. ती जाऊन चार वर्षे झाली. त्याच मासीवर इनोकेच्या थोरल्या भावाने, अपिसाईने, काळ्या रंगात लिहिले होते: रुसिआते, आणि शेजारी हातभर उंचीचा नऊ.

दगड पांढरे झाले. दोघांनी खड्डा रचला, झाकला. इनोके मातीवरचा धूर बघत बसला होता, तेव्हा रुसिआते आला आणि शेजारी टेकला.

"कळलं ना, बाबा?"

"मी मास्तरांशी बोलतो. जाणत्यांना मध्ये घालतो."

"नका." पोराने एक काडी उचलून मातीत रेघ ओढली. "तुम्ही मैदानावर फक्त मला बघता, बाबा. मी त्याला रोज बघतो. पोरांच्या गुंत्यातून चेंडू माझ्याकडे येतो, तेव्हा मी आधी बघतो, मग फेकतो. तो फेकतो, मग बघतो. आणि तिथं माणूस असतोच."

"तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. सकाळी अंघोळीला जरा जास्त वेळ लागला." तो हसला. "दालो कधी होणार? भूक लागलीय."

इनोकेने त्याच्याकडे पाहिले. हसताना थेट आईवर जाई पोरगा.

चार वाजता सभागृहात चटया पसरल्या. सामन्याआधी पोरांना जर्सी द्यायची ती इथेच, आईबापांसमोर. आणि ती चढवायची बापाने. दुसऱ्याच्या डोक्याला परक्याने हात लावणे हा मोठा अवमान, म्हणून तो मान बापाचाच; बाप नसेल तर मामाचा.

पाळकांनी एक भजन म्हटले. गळा असा, की बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले ते कळू नये. बुधवारी सगळ्या आईबापांनी उपास धरला होता, तेव्हा याच सभागृहात त्यांनी तासभर प्रवचन गायले होते. "आपल्या लेकराला घास भरवायला देव लागत नाही रे, मांजरही भरवते," असे म्हणत त्यांनी सूर चढवला होता, "दुसऱ्याच्या लेकराला भरवशील, तेव्हा तुझ्या मनगटाशी तो असेल!" सभागृह दणाणले होते. त्या दिवशी सर्वांत मोठा 'आमेन' इनोकेचाच होता.

एक नंबर. दोन नंबर. बाप उठत, लेकाच्या डोक्यावरून जर्सी ओढत, कुणी पाठीवर थाप देई, कुणी रडे. आठ झाला.

"नऊ. इलाइतिया."

पोरगा पुढे येऊन गुडघ्यांवर बसला. पाठीमागून कुणी उठले नाही. त्याचे आईबाप दूरच्या बेटावर. वारा सुटला म्हणून मंगळवारची बोट निघालीच नव्हती. मामा नाही, काका नाही. पोराने मान खाली घातली. मास्तरांनी पाळकांकडे पाहिले, पाळकांनी पुस्तक मिटले आणि उठायला हात टेकला.

मागच्या ओळीत इनोके बसला होता. त्याला स्वतःचाच बुधवारचा आवाज ऐकू आला. असा आवाज एकदा लावला, की मग कान झाकून भागत नाही.

तो उठला. हाताला कोळशाची काजळी होती, ती त्याने शर्टाच्या पोटावर पुसली. खाली वाकून, माणसांच्या कडेकडेने, पुढे गेला.

"पोरा, तुझ्या डोक्यावरून हात नेऊ का?"

इलाइतियाने वर पाहिले. "न्या, मामा."

जर्सी तंग होती. कानांशी अडकली. इनोकेने ती अलगद सोडवली, खांद्यांवर नीट बसवली, पाठीवरचा नऊ तळहाताने सपाट केला. जसा आपल्या पोराचा केला असता तसाच. महिनाभर मनात शंभरदा केला होता. मागून सेरुवायाचा आवाज आला, "चोळू नकोस एवढा, रंग जाईल!" आणि सगळे सभागृह डोळे पुसत हसले.

एकवीस नंबर आला, तेव्हा रुसिआतेने स्वतःच डोके पुढे केले.

शनिवारी सकाळी मैदानाबाहेर गावाची बस थांबली. माणसे उतरली, डुक्कर उतरले. मासी खांद्यावर टाकून अपिसाई पुढे आला. "कुठं बांधू रे?"

"आधी बसा सगळे."

गवतावर सगळे बसले. इनोकेने पिशवीतून यांगोनाची नवी जुडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. दिलेला शब्द मागे घ्यायचा तर तोही असाच घ्यावा लागतो.

"मी तुम्हांला नऊ नंबर सांगितला होता. नऊ नंबर खेळतोय. पण तो माझ्या पोटचा नाही. बेटावरचा आहे. त्याचं आज इथं कुणी नाही. रुसिआते बाकावर आहे. मी देवाच्या पुढं पळालो, ती चूक माझी."

अपिसाईने जुडीकडे पाहिले, मग डुकराकडे.

"मग हे परत न्यायचं?"

"डुक्कर ठेवा," सेरुवाया म्हणाली, "याला न्या."

म्हातारे हसले. अपिसाईने जुडीला हात लावला. तीन पोकळ टाळ्या वाजल्या, एकाच वेळी.

"मासीचं काय करायचं?" त्याने विचारले.

इनोकेने कापड घेतले. कठड्यापाशी उभे राहून त्याने ते उलगडले आणि काठाशी बोटे फिरवत एक घडी घालून ते कठड्यावर सोडले; नाव आत गेले, नऊ बाहेर राहिला.

संघ मैदानात उतरला. कठड्याकडे बघत इलाइतिया क्षणभर थांबला. इनोकेने पहिली ओळ उचलली, नेहमीसारखी खालच्या सुरात, आणि गावाने ती पेलली.

समुद्राकडून वारा होता. घडी सारखी उघडू बघायची. सबंध सामनाभर इनोके गात होता, ओरडत होता, आणि डाव्या हाताने ती दाबून धरत होता. बाकावरून रुसिआतेला ते दिसत होते.